मधली कोयरी

उशीचा पट्टा म्हणजे काय, हे मला अजूनही दुकानात कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागतं. अभ्रा सगळ्यांना माहीत असतो. सोफ्यावरच्या चौकोनी उश्या, ज्यांना आता सगळेच कुशन म्हणतात, त्याही माहीत असतात. पण त्या उशीच्या पोटावरून फिरवून मागं बटणांनी अडकवायची भरतकामाची रुंद पट्टी म्हटली, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग बायकोकडे. एका गिऱ्हाईकाच्या नवऱ्यानं तर सरळच विचारलं होतं, "उशीला पट्टा कशाला ओ वैनी? पोलिसात लावायची हाय काय तिला?" त्याची बायको ओशाळली. मी म्हटलं, "पावणं, तुम्ही लग्नात फेटा कशाला बांधलासा? डोकं उघडं पडलं हुतं काय?" तेव्हापासून दर दिवाळीला नवा पट्टा न्यायला तो स्वतःच येतो आणि रंगावरून माझ्याशी हुज्जत घालतो.

पट्ट्याचं काम दिसायला सोपं आहे आणि तिथंच माणूस फसतो. उशी आधी हातात घेऊन दाबून बघायची. आत काय भरलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं. फायबरची उशी फुगून वर येते, कापसाची बसते, सावरीच्या मऊ कापसाची दाबाल तशी राहते. मग टेप तिच्या पोटाभोवती फिरवायचा आणि आलेल्या मापातून दोन बोटं कमी धरायची, म्हणजे पट्टा अंगाला धरून बसतो. नाहीतर पोरांनी एकदा उशी फेकली की उशी एकीकडे आणि पट्टा दुसरीकडे. भरतकाम कापड बेतायच्या आधी करायचं. टाके पडले की कापड आत ओढलं जातं, त्यामुळे आधी कापून ठेवलेला पट्टा भरून झाल्यावर आखूड होतो. नक्षी मधोमध घ्यायची, पण फार पसरायची नाही, कारण फुगलेल्या उशीवर बाजू मागं वळतात आणि मोर पुढं नि पिसारा पाठीमागं अशी गत होते. भरून झालं की आतून अस्तर, टोकांना काजं-बटणं आणि उलट्या बाजूनं इस्त्री. झालं. ह्या 'झालं'मध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात माझं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. लग्न होऊन आले तेव्हा तिथं सासूबाईंचं काळं पायमशीन होतं. त्या त्यावर परकर आणि पिशव्या शिवायच्या. मी मशीन भरतकामाच्या क्लासला नाव घातलं तेव्हा घरात जरा कुरबुर झाली, कारण आमचे हे फाउंड्रीत कामाला आणि घरात करायला माणूस कमी. सासूबाईंनीच ती कुरबुर मिटवली. मला म्हणाल्या, "शिकायचं तर नीट शिक. आर्धं शिकून गावाची कापडं नासू नगंस." आशीर्वाद म्हणून ऐकायला हे फार गोड नाही, पण मला ते पुरलं. त्या माउलीनं आपलं मशीन मला दिलं आणि त्यानंतर स्वतःचे परकर माझ्याकडून शिवून घेतले, चुका काढून.

आता दुकानात दोन मशिनं आहेत. एक ते जुनं आणि एक कॉम्प्युटरवालं. नव्यात नक्षी घालायची, रंग सांगायचे, कापडाखाली कडक पेपर लावून फ्रेम बसवायची आणि बटण दाबायचं. मग ते एकटंच खटाखटा भरत बसतं आणि दोरा तुटला की ओरडून मला बोलावतं. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. पण माझी पाठ त्यानं वाचवली, घरावर मजला त्यानं चढवला, तेव्हा आता मी त्याला नावं ठेवत नाही.

जुन्या मशिनवरचं भरतकाम मात्र वेगळी गोष्ट. ते थोडं सांगते, कारण पुढं लागणार आहे. कापड पुढं ओढणारे दात खाली बसवायचे आणि कापड दाबून धरणारा पाय काढून टाकायचा. म्हणजे मशीन फक्त सुई खालीवर करतं, कापड कुठं न्यायचं ते आपण बघायचं. कापड रिंगेत ताणून बसवायचं, रिंग दोन्ही हातांनी धरायची आणि पान भरायचं असेल तर ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी हलवत राहायची. हात जितका जलद आणि बारीक हलेल तितका टाका दाट बसतो. नव्या मुलीचा हात भीतीनं आखडतो, हलतच नाही. क्लासमधल्या आमच्या बाई आमच्या मागं उभं राहून ओरडायच्या, "हात हलवा गं, हात! रिंग काय आरतीचं ताट हाय काय, जपून धरायला?" तो हात हलवायला शिकण्यात माझे कितीतरी महिने गेले.

आमच्या गावात गिऱ्हाईक रागावलंय की खूश आहे हे आवाजावरून कळत नाही, दोन्ही आवाज सारखेच. बोळाच्या तोंडालाच "वैनी, हाईसा का?" अशी हाक येते आणि मी जागच्या जागी ठरवते, की तक्रार असो वा पेढे, आधी पाणी द्यायचं. तक्रार घेऊन आलेला माणूस पाणी प्याला की निम्मा खाली येतो.

एकदा बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तोंडावर असताना आजऱ्याकडचे एक शेतकरी आले. बैलाच्या झुलीवर त्याचं नाव भरून हवं होतं. माप विचारलं तर म्हणाले, "माप कशाला? बैलच दावतो की." आणि तिथल्या तिथं घरी व्हिडिओ कॉल लावला. गोठ्यात त्यांची बायको टेप घेऊन उभी आणि बैल काही केल्या जागेवर थांबेना. हे गृहस्थ माझ्या दुकानातून फोनमध्ये तोंड घालून ओरडतायत, "सर्जा, वैनी माप घेत्यात, हुबा ऱ्हा!" बोळातली माणसं गोळा झाली. सर्जा शेवटी उभा राहिला, पण तो वैरण पुढ्यात आल्यावर. झूल छान झाली. काजूची पिशवी घेऊन ते पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "बैल लई ऐटीत चालला ओ." बैलाला वाचता येत नाही एवढं मलाही कळतं. तरी ते ऐकून मला बरं वाटलं.

वारणानगरच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच लक्षात आहेत. त्यांचे यजमान संध्याकाळी टीव्ही लावायचे आणि सोफ्यावर घोरत पडायचे. बाईंनी उशीच्या पट्ट्यावर ठळक अक्षरात भरून घेतलं, 'येथे झोपू नये'. काही दिवसांनी ते यजमान एकटेच आले, शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्याच मापाचा, त्याच रंगाचा आणखी एक पट्टा करा. त्यावर लिहा, झोपलेल्यास उठवू नये." दोन्ही उश्या एकाच सोफ्यावर आहेत म्हणे. असल्या संसारांत माझा दोरा लागला, याचं मला समाधान आहे.

खंत आहे ती रुखवताची. लग्नात नवरीकडच्या बायकांच्या हातचं काम आणि फराळ टेबलावर मांडून ठेवतात, ते रुखवत. पूर्वी त्यासाठी पोरगी नि तिच्या घरच्या बायका वर्षभर राबायच्या. आता ते तयार मिळतं, भाड्यानंही मिळतं, आणि त्यातलं बरंच माझ्यासारखीच्या मशिनवरून जातं, त्यामुळे गळा काढायला मला तोंड नाही. पण रुखवत बघायला येणाऱ्या बायका अजून जुन्याच आहेत. त्या भरतकाम पुढून बघतच नाहीत, सरळ उलटं करतात. हातचं काम मागूनही रंगीत असतं. मशीनचं मागून पांढरं दिसतं, कारण खालच्या बॉबिनमध्ये पांढरा दोरा असतो. एकीनं उलटं केलं की निकाल लागतो आणि तो मोठ्यानं जाहीर होतो.

गेल्या लगीनसराईत कोडोलीच्या सुजातावैनी माझ्याकडे आल्या. हे शेतीवाडीवालं जैन घर, त्यांचे पडदे, गाद्यांची कव्हरं मी करत आलेय. नेहमी रस्त्यावरून हाका मारत येणारी बाई त्या दिवशी गुपचूप आत आली आणि दार लोटून घेतलं. पिशवीतून त्यांनी उशीचा अभ्रा काढला.

"वैनी, ह्ये तेवढं मशीनवर पुरं करून द्या. पर कुठं बोलू नगासा."

मी अभ्रा टेबलावर पसरला. मोतिया रंगाचं जुनं सुती कापड. चारी कोपऱ्यांत हातानं भरलेल्या कोयऱ्या, कडेनं वेल. टाका इतका सारखा, की मी सवयीनं उलटं करून बघितलं. मागूनही तेवढंच देखणं. मध्ये मात्र पेन्सिलीनं काढलेली एक मोठी कोयरी तशीच रिकामी, आणि तिच्या पोटात सुईची भोकंच भोकं. तिथं टाके घालून पुन्हा पुन्हा उसवलेले होते.

"कुणाचं काम हे?"

"आमच्या कमलआक्काचं. माझी नणंद."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कमलआक्का लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झाल्या आणि भावाच्या घरी आल्या, त्या तिथंच राहिल्या. घरातली प्रत्येक पोरगी सासरी गेली ती आक्काच्या हातची उशी घेऊन. आक्काची रीत ठरलेली. आधी कोपरे भरायचे, मग कडा, आणि मधली कोयरी सगळ्यात शेवटी, लग्न तोंडावर आल्यावर. तोंडानं आशीर्वाद देणारी ती बाई नव्हे, मधली कोयरी हाच तिचा आशीर्वाद. आता सुजातावैनींची स्नेहल, घरातली शेवटची मुलगी, लग्नाची होती. कोपरे आणि कडा आधीच होऊन गेल्या होत्या, आणि मध्येच आक्कांचा उजवा हात थरथरायला लागला.

"डॉक्टर म्हंत्यात वयाचं हाय. गोळ्या चालू हाईत," सुजातावैनी म्हणाल्या. "पर सुई धरली की जास्तच हलतोय. रोज भरायची नि रोज उसवायची. आमी बघितलं की हात पदराखाली घालती. आता जेवताना बी पुढ्यात कुणी नको असतंय तिला. परवा म्हणाली, यंदा माजी उशी न्हाय, आणि ह्ये ट्रंकेत टाकलं. स्नेहल रडून बसलीया. आक्काची उशी न्हाय तर रुखवतच मांडू नका म्हणती."

"आणि मी हे मशीनवर पूर्ण केलं तर आक्कांना काय सांगणार?"

"सांगू, आक्का, तुमीच केलासा, इसरला असशीला."

मी कपाळाला हात लावला. "वैनी, त्यांचा हात थरथरतोय, डोकं नाही."

बिचारीचा हेतू वाईट नव्हता. पण हे जमणारंही नव्हतं. भोकं पडून विरलेल्या कापडावर मशीनचा दाट टाका चालवला असता तर मधलं सगळंच फाटून हातात आलं असतं. मी तो अभ्रा आत उशी असल्यासारखा फुगवून बघत होते, आणि तेव्हा पट्टा आठवला. रिकामं होतं ते फक्त मधलं. पट्टा बसतो तोही मधेच. आक्कांच्या कामाला सुई न लावता मधलं झाकता आलं असतं आणि चारी कोपरे दोन्ही बाजूंनी दिसत राहिले असते. सुजातावैनींचा चेहरा उजळला. "मग करा की लगेच!"

"करते. पण त्या पट्ट्यावर कोयरी कुणाची?" मी विचारलं. "माझी घालून काय उपयोग? आक्कांना घेऊन या."

"ती येणार न्हाय."

"रंग निवडायला बोलावलंय म्हणा."

आक्का आल्या. उंच, सडसडीत, फिकट साडी, उजवा हात पदराखाली. दुकानात पाय टाकताच त्यांनी माझ्या कॉम्प्युटर मशीनकडे असं बघितलं, की मलाच अवघडल्यासारखं झालं. "तुमीच व्हय त्या मशीनवाल्या? बटण दाबायचं नि च्या पीत बसायचं, असंच न्हवं?" मी म्हटलं, चहा तुम्हीही घ्या. आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशा आक्का म्हणाल्या, "मी घरातनं घेऊन आलोय."

पट्ट्यासाठी त्यांनी डाव्या हातानं डाळिंबी कापड निवडलं. मग मी स्क्रीनवर कोयऱ्यांच्या नक्ष्या दाखवल्या. त्यांनी एकेक बघून मान हलवली. "ही कोयरी? ही तर लिंबाची फोड. शेंडा असा वळत न्हाय, असा..." आणि दाखवायच्या नादात उजवा हात बाहेर आला. बोटं हवेत कोयरी काढत होती आणि पंजा उजवीडावीकडे बारीक, भरभर हलत होता. पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं आणि हात पदराखाली गेला. सुजातावैनी भिंतीकडे बघायला लागल्या.

माझ्या डोक्यात काही मोठा विचार आला असं मी म्हणणार नाही. मला फक्त क्लासमधल्या बाईंचा आवाज ऐकू आला. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर कपड्यांची चळत होती, भंगारवाल्याला दाखवूनही झालं होतं ते. मी चळत खाली ठेवली, धूळ पुसली, तेल घातलं आणि म्हटलं, "आक्का, जरा इथं बसून रिंग धरता का?"

त्या ताडकन उठल्या. "टवाळी करतासा व्हय माजी? सुजाता, चल."

आता ही बाई दारातून बाहेर पडली तर पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं. समजावत बसायला वेळ नव्हता. मी स्वतःच मशीनवर बसले, कापडाच्या तुकड्यावर रिंग लावली आणि एक पान भरायला घेतलं. कॉम्प्युटरवालं आल्यापासून माझीही सवय मोडली होती, हात पहिल्यांदा आखडला, मग सुटला. रिंग या कडेपासून त्या कडेला थरथरत जायला लागली आणि पान हिरवं होत गेलं. चपला घालता घालता आक्का थांबल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हात मुद्दाम हलवतासा?"

"मुद्दाम. न हलवता भरताच येत नाही. हे शिकायला माझे महिने गेले, आक्का. तुमच्याकडे ते आयतं आहे."

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग चपला काढल्या, आत आल्या आणि माझ्या जागेवर बसल्या. उजवा हात पदरातून निघाला आणि रिंगेवर आला.

हे एका बैठकीत जमलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. शेजारी स्टूल ओढून पायडल मी मारायचं, रिंग बाहेरून धरून कडेकडेनं न्यायची तीही मीच, आणि आत भरायचं आक्कांनी. पहिल्या दिवशी सुया मोडल्या, दोरा तुटला. पहिली कोयरी झाली ती आक्कांनी वर धरून बघितली आणि त्याच म्हणाल्या, "ह्ये वांगं झालं." सुजातावैनी हसल्या, मी हसले, आणि सर्वांत जास्त आक्का हसल्या. सुजातावैनींनी नंतर मला सांगितलं, की आक्का कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या. त्यानंतर त्या एसटीनं एकट्या यायला लागल्या. कधी हात फार मोठा हलायचा, मग आम्ही थांबून गप्पा मारायचो. कधी एका लयीत चालायचा, तेव्हा मी पायडल थांबवायचेच नाही. भरणं बारीक बसायला लागलं तसं त्या मला शिकवायला लागल्या. माझ्याच दुकानात, माझ्याच मशीनवर, माझा रंग चुकतोय म्हणून मी बोलणी खाल्ली. रंग चुकत होता, हेही खरं.

शेवटी डाळिंबी कापडावर कोयरी झाली. कॉम्प्युटर काढतो तशी गुळगुळीत नाही. कड एका ठिकाणी बाहेर गेली होती, शेंडा जरा जाड झाला होता. मी कड सारखी करायला सुई उचलली तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. माजंच हाय त्ये."

मग मी पट्टा शिवायला घेतला. सावरीची उशी, दोन बोटं कमी माप, मागं त्यांच्याच आवडीची कापडी बटणं. अस्तर कापायला कात्री घेतली तर आक्का म्हणाल्या, "अस्तर नगं. बायका उलटं करून बघत्यात. बघू देत." मी म्हटलं, मागचा दोरा पांढरा आहे, मशीनचं काम म्हणून लगेच कळेल. त्यावर माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मग कळू दे की. चोरी केलीया व्हय?" माझ्या हातून अस्तराशिवाय गेलेला तो एकमेव पट्टा.

गिऱ्हाईकांच्या लग्नांना मी सहसा जात नाही. गेले तर जेवायचं सोडून लोकांच्या ब्लाउजच्या शिवणी बघत बसते. पण कोडोलीला गेले. जैनांचं लग्न, दिवसाउजेडी पंगती, हॉलमध्ये गर्दी. रुखवताच्या टेबलावर चिरोट्यांच्या आणि लाडवांच्या पुढं, अगदी मध्ये ती उशी ठेवली होती. चारी कोपऱ्यांत हाताच्या कोयऱ्या, मध्ये डाळिंबी पट्टा. शेजारच्या खुर्चीत आक्का बसल्या होत्या आणि एवढ्या माणसांत त्यांचा उजवा हात पुन्हा पदराखाली गेला होता. दुकानात जमलं ते दुकानापुरतंच राहिलं की काय, असं मला वाटलं.

व्हायचं तेच झालं. नवऱ्याकडच्या एका बाईनं कोपऱ्यांचं कौतुक केलं आणि पट्ट्याची कड वर करून उलटं बघितलं. लगेच तिचा आवाज हॉलभर गेला. "अगं बाई, ह्ये तर मशीनचं हाय की! आनि म्हणं आत्याच्या हातचं!"

चार बायका पुढं सरकल्या. सुजातावैनींचा चेहरा पडला. स्टेजवरून स्नेहल मान उंच करून बघायला लागली. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं, पण तोपर्यंत आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मशीनचंच हाय," त्या म्हणाल्या. "आनि माज्याच हातचं हाय."

"अवो, असं कसं?"

आक्कांनी उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि सगळ्यांच्या समोर धरला. तो चांगलाच थरथरत होता.

"ह्यो असा हलतोय," त्या म्हणाल्या. "सुईला चालंना, तर मशीनला चालला. ह्येनंच भरलंय."

त्या बाईनं एकदा हाताकडे बघितलं, एकदा कोयरीकडे, आणि पट्ट्याची वर केलेली कड तिनं आपल्या हातानं सारखी करून ठेवली. मग वाकून आक्कांच्या पाया पडली. मी डोळे पुसायला पदर शोधत होते, आणि लाजायचं काही कारण मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही.

ह्या धंद्यानं मला घर दिलं, पाठदुखी दिली, सर्जासारखी गिऱ्हाईकं दिली. पण एवढे महिने घालून मी रिंगेवर हात हलवायला शिकले ते कशासाठी, हे मला त्या हॉलमध्ये कळलं. माझ्या सासूबाईंचं काळं मशीन आता पुन्हा दुकानाच्या मधोमध आलंय, आणि भंगारवाला बोळात ओरडला की मी दार लावून घेते.

लग्नाच्या त्या दिवशी आक्कांचा हात पुन्हा पदराखाली गेला नाही. अक्षता वाटल्या तेव्हा आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी त्याच हातात मूठभर घेतल्या आणि मंगलाष्टकाच्या शेवटी टाकल्या. हात असा हलला, की तांदूळ चारी दिशांना उडाले. स्नेहलपर्यंत किती पोहोचले कुणास ठाऊक. निम्मे माझ्या डोक्यावर पडले, आणि मी ते झटकले नाहीत.